लाल दिवा लागला तेव्हा गाव सहा किलोमीटरवर होतं

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

नागपूर-हैदराबाद हायवेला लागून, पांढरकवड्याच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. या खेपेला आलेली बरीच पत्रं डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल आहेत, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. राळेगाव तालुक्यातल्या काकाजींचं पत्र आधी घेतो. त्यांचं नुकसान मोठं आहे आणि ते टळण्यासारखं होतं.

प्रश्न: मिस्त्री भाऊ, माझ्याकडे २०१४ची डिझेल गाडी आहे. मागच्या महिन्यात वावरातून येताना पांदण रस्त्यावर खालून दगड लागला. आवाज झाला, पण गाडी चालत होती. वडकीच्या पुढे आल्यावर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागे अन् विझे. वळणावर लागे, सरळ रस्त्यानं विझे. गाव सहा किलोमीटर राह्यलं होतं. म्हटलं, घरी जाऊन पाहू. दारात आल्यावर इंजिनातून टकटक आवाज आला अन् गाडी बंद पडली. आता गॅरेजवाला म्हणते, पूर्ण इंजिन बांधा लागते. दिवा तर पूर्ण लागलाच नव्हता, मंग असं काऊन झालं?
— एक कास्तकार, राळेगाव तालुका

उत्तर: काकाजी, हा दिवा पूर्ण लागायची वाट पाहायची नसते. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही. गाडीसोबत जे पुस्तक येतं ते इंग्रजीत असतं, आणि सेकंडहँड गाडीसोबत बहुतेक वेळा तेही येत नाही.

झालं काय ते सांगतो. इंजिनच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. त्यात चार-पाच लिटर ऑइल, आणि त्या ऑइलमध्ये बुडालेली एक जाळी. पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो आणि दाबानं क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाइतकीही नसते. दोन धातू एकमेकांवर घासत नाहीत ते निव्वळ त्या फटीत भरलेल्या ऑइलमुळे. तुमच्या चेंबरला दगड लागला तेव्हा एक तर ते फुटून ऑइल गळायला लागलं असेल, नाहीतर पत्रा आत दबून जाळीला टेकला असेल. तुमचा दिवा वळणावर लागत होता, त्यावरून मला गळती जास्त वाटते. चेंबरमध्ये ऑइल थोडं उरलं की वळणावर ते एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सरळ रस्त्याला लागलं की ऑइल परत जाळीवर येतं आणि दिवा विझतो. तुम्हाला वाटलं, बरं झालं, विझला.

हा दिवा दाबाचा आहे, हे लक्षात घ्या. चेंबरमध्ये ऑइल किती आहे हे त्याला कळत नाही. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. रस्त्यावर धावणाऱ्या गरम इंजिनात ऑइलचा दाब साधारण तेवढा किंवा त्याहून जास्त असतो. तो पाच-सात पौंडांपर्यंत खाली आला की मग कुठं हा दिवा लागतो. म्हणजे दिवा दिसेपर्यंत बेअरिंग कोरडं पडायला सुरुवात झालेली असते. सहा किलोमीटरला तुम्हाला नऊ-दहा मिनिटं लागली असतील. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर क्रँक वीस हजारांच्या आसपास फेरे फिरला, आणि त्यातले कितीतरी कोरडे.

झारीचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी गाडी बाजूला घ्यायची आणि चाबी बंद करायची. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडून पाहत बसायचं नाही. सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. मग डीपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून फडक्यानं पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि काढून पाहायची. पहिल्यांदा काढली तेव्हा जे दिसतं ते खरं नसतं. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर टाका. दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास फरक असतो. मग खाली वाकून जमिनीवर ओलं पडलंय का ते बघा. धार लागली असेल तर ऑइल ओतून काही उपयोग नाही. धार नसेल तर सेल्फ मारा. दोन-तीन सेकंदांत दिवा विझला तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत या. विझला नाही, किंवा पट्टीवर ऑइल बरोबर असूनही दिवा लागतोय, तर त्या इंजिनला पुन्हा सेल्फ मारायचा नाही. ट्रॅक्टर बोलवा, टोचन करून आणा. टोचनचे पैसे आणि इंजिन बांधायचे पैसे यांची बरोबरीच होऊ शकत नाही.

यावर मी इतकं लांबवतोय त्याला कारण आहे. १९९७ साली मी यवतमाळला एका गॅरेजात हाताखाली होतो. एक कास्तकार जीप घेऊन आले, ऑइलचा दिवा लागतो म्हणाले. उस्ताद गावाला गेले होते. मी पट्टी पाहिली, ऑइल भरलेलं. म्हटलं, वायरीचा घोळ असेल. दाबाच्या स्विचची वायर काढली आणि टोकाला टेप गुंडाळून ठेवली. दिवा विझला. त्यांनी खूश होऊन मला दहा रुपये दिले. अडीच आठवड्यांनी तीच जीप ट्रॅक्टरच्या मागे बांधून आली. ऑइलचा पंप झिजलेला होता. चेंबर उतरवलं तर तळाच्या काळ्या ऑइलमध्ये बेअरिंगचा चुरा, मिठाईवरच्या चांदीच्या वर्खासारखा चमकत होता. बोटावर घेतला तर बोटाच्या रेषांत जाऊन बसला, रॉकेलनं धुतला तरी दोन दिवस निघाला नाही. त्या कास्तकारांच्या त्या वर्षीच्या कापसाचा पैसा त्या इंजिनात गेला. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. उस्तादांना मी खरं सांगितलं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिला नियम सांगतो: दिवा खोटा वाटला तर गेज लावून दाब मोजायचा, वायरीला हात लावायचा नाही.

काकाजी, तुमच्या गॅरेजवाल्याला क्रँक मापून घ्यायला सांगा. तो कमी घासला असेल तर ग्राइंडिंग करून मोठ्या मापाचं बेअरिंग बसतं, नवीन क्रँक लागत नाही. आणि चेंबरखाली लोखंडी गार्ड बसवून घ्या. आपल्या पांदण रस्त्यांवर बंडीच्या चाकोऱ्यांच्या मधोमध जो उंचवटा राहतो, तो चेंबरला लागतोच.

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी आहे. महिनाभरापासून इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला आहे. गॅरेजमध्ये मशीन लावून घालवला, दोन दिवसांनी परत आला. असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी पाचशे रुपये दिले. गाडी तशी चालते. दुर्लक्ष करावं का?
— एक शिक्षिका, घाटंजी

उत्तर: मॅडम, दुर्लक्ष करू नका, पण घाबरूही नका. लाल दिवा म्हणजे आत्ता थांबा; फक्त बॅटरीच्या लाल दिव्याचं वेगळं आहे, ते पुढं सांगतो. पिवळा म्हणजे गाडीत बिघाड आहे, दोन-चार दिवसांत दाखवा. हिरवा आणि निळा हे फक्त काय चालू आहे ते सांगतात. थंड इंजिनचा निळा थर्मामीटर दिसला तर काळजीचं कारण नाही, तो थोड्या वेळात जातो.

तुमच्या बाबतीत दिवा विझवला, बिघाड शोधलाच नाही. मशीन म्हणजे स्कॅनर. तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला एक कोड दाखवतो. कोड पुसला की दिवा जातो, बिघाड तिथंच असला की कॉम्प्युटर तो परत नोंदतो. पुढच्या वेळी कोड पुसण्याआधी कागदावर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. पी ०३०० असेल तर इंजिन मिस मारतंय: प्लग, कॉइल बघायची. पी ०१७१ असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी: कुठंतरी पाइप फुटलाय, सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल कमी पडतंय. पी ०४२० असेल तर सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाहीये, किंवा त्याच्या मागचा सेन्सर गेलाय. कोड आजाराचं नाव सांगत नाही, कुठं दुखतंय तेवढं सांगतो. कोड पाहून थेट सेन्सर बदलायला सांगणाऱ्याला विचारा, मापून पाहिलं का.

हाच पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो. वेग कमी करा, लवकरात लवकर थांबा. थांबताना खाली वाळलेलं गवत किंवा गव्हाचा काड नको. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडं सगळं वाळून कोळ झालेलं असतं, तापलेल्या सायलेन्सरनं पेट घ्यायला वेळ लागत नाही.

प्रश्न: परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना मे महिन्यात गाडी गरम झाली, काटा लालपर्यंत गेला. थांबून रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ अंगावर आली, मनगट भाजलं. रेडिएटर दोन वर्षांत दुसऱ्यांदा गळतोय. पाणी तर मी दर आठवड्याला घरच्या बोअरचं भरतो.
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर: भाऊ, मनगट बरं झालं असेल अशी आशा करतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावाच्या नावातच आहे. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला-अमरावती-बुलडाण्यातलं ते बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, पिकाला चालत नाही, आणि तुम्ही ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला दर आठवड्याला पाजताय. मीठ ॲल्युमिनियम खातं आणि क्षार नळ्यांमध्ये चुन्यासारखा बसतो. माझ्याकडे अकोटची एक गाडी आली होती, तिच्या रेडिएटरची नळी कापून पाहिली तर आत जाड पांढरी पुटं होती, काडीसुद्धा जाईना.

दर आठवड्याला पाणी भरावं लागतं, हेच मुळात चुकीचं आहे. ही बंद व्यवस्था आहे, पाणी कमी व्हायलाच नको. होत असेल तर गळती आहे, ती आधी शोधा. मग सगळं धुऊन काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा. बॅटरीसाठी जे पाणी मिळतं तेच. आमच्याकडे कूलंट फक्त थंडीच्या मुलखात लागतं असा समज आहे. ते गंजू देत नाही आणि पाणी उकळण्याची मर्यादा वर नेतं, त्यामुळं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपल्यालाच त्याची गरज जास्त.

झाकणाचं सांगतो. साधं पाणी शंभर अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते, त्यामुळं आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि ते सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. म्हणून तास-अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. वरची रबरी नळी हातानं दाबून पाहा. टणक लागली तर अजून दाब आहे. मऊ आणि कोमट झाली की जाड ओलं फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, झाकण थोडं फिरवून थांबायचं.

काटा चढताना दिसला तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. घामानं जीव जाईल असं वाटेल, काचा खाली करा. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनातली उष्णता बाहेर काढतो. घाटात एवढ्यावर कितीदा तरी काटा खाली आलेला मी पाहिला आहे. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ दिसली तर मात्र सावली शोधत पुढे जायचं नाही, तिथंच थांबायचं.

आणखी एक. कापूस निघतो त्या दिवसांत, विशेषतः जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणं असेल तर, रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी रुईनं भरते. बाहेरून दिसत नाही. टॉर्च घेऊन ग्रिलच्या आत पाहा. गोधडीसारखा थर असतो. इंजिनकडून बाहेरच्या दिशेनं, हलक्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं त्या पातळ पात्या दुमडतात.

प्रश्न: समृद्धी महामार्गानं छत्रपती संभाजीनगरला नेहमी जाणं होतं. सिमेंटचा रस्ता गरम असतो, हवा फुगते, म्हणून टायरमध्ये चार-पाच पौंड कमी ठेवावी असं सगळे सांगतात. बरोबर आहे का? हवेचा पिवळा दिवा तेव्हापासून लागलेलाच असतो.
— एक वाचक, कारंजा (लाड)

उत्तर: चूक आहे, आणि जिवावर बेतणारी चूक आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त चपटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू दुमडते आणि सरळ होते. तार वाकडी-सरळ करत राहिलं की ती बोटाला चटका देते, तसंच. ताशी शंभर-एकशेवीसच्या वेगानं तासभर हे चाललं की बाजूच्या आतले धागे सुटतात आणि टायर फुटतो. उन्हानं हवा फुगते हे खरं, दर पाच-सहा अंशांना पौंडभर. कंपनीनं तो हिशेब धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटपट्टी आहे, तिच्यावरचा आकडा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये भरा. माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर तिथंच भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घ्या.

तुमचा दिवा हेच सांगतोय आणि तुम्ही त्याला रोज गप्प बसवताय. त्याचं चित्र घोड्याच्या नालेसारखं असतं, मधे उद्गारचिन्ह. एक दिवस खरोखर खिळा लागून हवा जाईल, तेव्हा तुम्हाला नवीन काही कळणार नाही, कारण दिवा आधीपासून चालू आहे.

टायरचं वयही पाहा. बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचा, उन्हात उभ्या गाडीचा, बाजूला बारीक भेगा पडलेला टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका.

प्रश्न: मामाच्या मुलाच्या लग्नाहून रात्री मूल-चंद्रपूर रस्त्यानं येत होतो. बॅटरीचा लाल दिवा लागला. वीस मिनिटांनी हेडलाइट मंद झाले आणि जंगलात गाडी बंद पडली. सोबत आई आणि बहीण होती. मोबाइलला रेंज नव्हती. नंतर एका ट्रकवाल्यानं मदत केली. अशा वेळी काय करायला पाहिजे होतं?
— एक तरुण वाचक, मूल तालुका

उत्तर: बेटा, तुम्ही सुखरूप पोहोचलात हे वाचून बरं वाटलं. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बॅटरी खराब असं बहुतेकांना वाटतं. त्याचा अर्थ असा की बॅटरी चार्ज होत नाहीये. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेलाय किंवा त्याचा बेल्ट तुटलाय, आणि गाडी आता बॅटरीत साठलेल्या करंटवर चालली आहे. ती वीस मिनिटं तुमच्या हातात होती. एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइलचं चार्जिंग, मागच्या काचेचा हीटर, सगळं बंद करायचं. हेडलाइट फक्त डिपरवर. आणि गाडी बंद करायची नाही, कारण परत सेल्फ लागेलच असं नाही. मागं टाकलेलं गाव जवळ असेल तर गाडी वळवायची, लाजायचं नाही. फक्त तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. काटा चढला तर मात्र पुढं जाता येत नाही. स्टेअरिंगही जड झालं तर बेल्टच गेला समजायचं.

जंगलात बंद पडलीच तर मूल, तिपेश्वर, ताडोब्याच्या बाजूच्या रस्त्यांवर गाडीतून उतरायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. गाडी शक्य तितकी रस्त्याच्या कडेला उतरवा, चारही इंडिकेटर लावा, काचा वर, दारं बंद, ११२ लावून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. समोरून गाडी दिसली की डिपर द्यायचा.

मोकळ्या रस्त्यावर बंद पडली तर लाल त्रिकोण मागं पन्नास पावलांवर, हायवेवर शंभर पावलांवर ठेवायचा, आणि माणसांनी गाडीच्या मागं न थांबता रस्त्याच्या बाहेर उभं राहायचं. त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत नव्या प्लॅस्टिकसकट पडून असतो आणि रस्त्यावर मात्र आपण दगड मांडतो, पळसाच्या फांद्या टाकतो. फांद्यांचं ठीक आहे. दगडांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. गाडी सुरू झाली की निघण्याच्या घाईत दगड तिथंच राहतात. दोन वर्षांपूर्वी पाटणबोरीच्या पुढं रात्री दहाच्या सुमाराला एक पोरगा अशा दगडावर मोटरसायकलसकट पडला होता. मी तिथं बंद पडलेल्या ट्रकच्या कामाला जात होतो. कोणत्या गाडीसाठी मांडलेले दगड होते कोण जाणे, गाडी केव्हाच गेली होती. ओळीनं पाच दगड, एकावर गेरूसारखा लाल डाग. पोरगा वाचला, पण त्याचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. दगड मांडलेत तर उचलून धुऱ्यापलीकडं टाकूनच चाबी फिरवा. दुसऱ्याचे दिसले तरी उतरून उचला.

आता काही पत्रांना थोडक्यात.

हिंगणघाटच्या वाचकांना: सोयाबीन घरात आलं आणि एकदम तीन दिवे लागले म्हणता, तर आधी बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या पाहा. वावरं मोकळी झाली की उंदीर उबेला बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. पोत्यांच्या थप्पीजवळ गाडी लावू नका, रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर अंधार आणि ऊब दोन्ही मिळत नाही. कुरतडलेली वायर टेपनं न बांधता जोडून, डाग देऊन घ्या.

झरी तालुक्यातल्या ग्रामसेवकांना: नाल्याच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारला तिथं चुकलं. हवेच्या पाइपातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. पाण्यात बंद पडली की चाबी काढून ढकलत बाहेर आणायची आणि टोचन. आणि पुलावरून वाहतं पाणी चक्क्याच्या निम्म्यावर दिसत असेल तर अलीकडंच थांबा. गाडी हलकी होऊन तरंगते, स्टेअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

दिग्रसच्या वाचकांना: नवी डिझेल गाडी फक्त घर ते वावर, तीन किलोमीटर चालते, म्हणूनच सायलेन्सरच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून साफ व्हायला सलग वीसेक मिनिटं साठ-सत्तरच्या वेगानं चालावं लागतं. आठवड्यातून एकदा यवतमाळपर्यंत जाऊन या. दिवा दुर्लक्षून चालवत राहिलात तर जाळी पूर्ण बुजते आणि तिची किंमत तुम्हाला परवडणार नाही.

वणीच्या ताईंना: ब्रेकचा लाल दिवा वळणावर लागतो आणि हँडब्रेक तर खाली आहे, म्हणजे ब्रेक ऑइल कमी आहे. पॅड झिजले असतील किंवा गळती असेल. बाटलीभर ऑइल ओतून मोकळ्या होऊ नका. हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नका म्हणून मी वेगळं कार्डही टाकलं आहे.

प्रश्न: मिस्त्री काका, मी आर्वीला बीएस्सीला आहे. बाबा सेकंडहँड गाडी घेणार आहेत, साडेतीन लाखांना. त्यांना गाडीतलं फार कळत नाही, मलाही नाही. रविवारी पाहायला जायचं आहे. मी काय पाहू?
— एक विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर: बेटा, इंजिन थंड असतानाच गाडी पाहायची आहे, सकाळी लवकर येतो, चालू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला आधीच कळव. गेल्यावर बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर का ते विचार.

मग ड्रायव्हरच्या सीटवर बस, चाबी अर्धी फिरव, सेल्फ मारू नकोस. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाब. या वेळी ऑइलची झारी, बॅटरी, इंजिन, एअरबॅग, एबीएस हे दिवे लागायलाच हवेत. गाडी स्वतःचे दिवे तपासून दाखवते. एक-दोन दिवे काही सेकंदांत आपोआप जातील, ते ठीक. वहीत लिहून घे, कोणता लागला, कोणता लागलाच नाही. मग सेल्फ मार. ऑइल आणि बॅटरीचे दिवे लगेच जायला हवेत, बाकीचे थोड्या सेकंदांत.

जो दिवा सुरू केल्यावर जात नाही त्याचं काम काढता येतं, भाव पाडून मागता येतो. जो दिवा सुरुवातीला लागलाच नाही त्याची भीती जास्त. ऑइलचा किंवा इंजिनचा दिवा लागत नसेल तर कोणीतरी वायर किंवा बल्ब काढलाय, जशी मी त्या जीपची काढली होती. तसं दिसलं तर बाबांना तिथंच बाजूला घे आणि इसार देऊ नका म्हण. वहीत लिहिलेलं मला पाठव, पुढच्या अंकाची वाट न पाहता उत्तर लिहीन.